मुलगा पंचविशीला, मुलगी अविवाहित: माजी सैनिकांच्या सज्ञान मुलांचं ईसीएचएस कसं टिकवायचं

ईसीएचएसच्या, म्हणजे माजी सैनिकांच्या आरोग्य योजनेच्या, कार्डावर मुलाचं नाव आहे म्हणजे त्याच्या आजारपणाची काळजी मिटली, असं बहुतेक माजी सैनिकांच्या घरांत धरून चालतात. पंचवीस पूर्ण झाल्यावर दोन महिन्यांनी तोच मुलगा मोटरसायकलवरून पडतो, कार्ड पुढे केलं जातं आणि ते चालत नाही. दुसऱ्या घरात तिशीतल्या अविवाहित मुलीचा हक्क शाबूत असतो, पण ‘पंचवीस झाली, आता तिचं संपलं’ असं समजून बापाने तिचं नवं कार्डच काढलेलं नसतं. तिसऱ्या घरात मतिमंद मुलगा आयुष्यभर पात्र असतो, पण प्रमाणपत्रावर ‘तात्पुरतं’ असा शेरा असल्यामुळे अर्ज परत येतो.

तिन्ही घरांत नियमाने अन्याय केलेला नाही. कागद वेळेत झालेले नाहीत, एवढंच घडलंय. पात्रतेची मुदत उलटून गेल्यावर ती वाढवून मिळत नाही. जे करायचं ते त्याआधीच करायचं असतं. काय करायचं आणि कोणत्या क्रमाने, ते खाली दिलं आहे.

कोणाला कुठपर्यंत

एक्स-सर्व्हिसमेन काँट्रिब्युटरी हेल्थ स्कीम (ईसीएचएस) १ एप्रिल २००३ रोजी सुरू झाली. त्या तारखेपासून पेन्शनवर येणाऱ्या प्रत्येकाला तिचं सदस्यत्व सक्तीचं आहे. वर्गणी एकदाच भरायची असते: रिक्रूटपासून हवालदारापर्यंत ३०,००० रुपये, नायब सुभेदारापासून ऑनररी कॅप्टनपर्यंत ६७,००० रुपये आणि अधिकाऱ्यांना १,२०,००० रुपये. १ जानेवारी १९९६ पूर्वी निवृत्त झालेल्यांना वर्गणी माफ आहे. अवलंबितांची संख्या वाढली म्हणून ही रक्कम वाढत नाही. प्रत्येकाच्या कार्डाचं शुल्क तेवढं वेगळं द्यावं लागतं.

मुलांच्या बाबतीत नियम असे आहेत.

मुलगा: वयाची २५ वर्षं, कमाई सुरू होणं किंवा लग्न, यांतलं जे आधी घडेल तिथपर्यंत. बावीसाव्या वर्षी नोकरी लागली तर बावीसलाच थांबायचं. तेविसाव्या वर्षी लग्न झालं तर नोकरी असो वा नसो, नाव काढायचं.

मुलगी: कमाई सुरू होणं किंवा लग्न, यांतलं जे आधी घडेल तिथपर्यंत. वयाची अट नाही. चाळीस वर्षांची अविवाहित, न कमावणारी मुलगीही पात्र आहे. घटस्फोटित, परित्यक्ता किंवा विधवा मुलगी माहेरी परत आली आणि आई-वडिलांवर अवलंबून असेल, तर तीही वयाची अट न लावता पुन्हा पात्र ठरते.

कायमस्वरूपी दिव्यांग मुलगा: दिव्यांगत्व ४० टक्के किंवा जास्त आणि कायमचं असेल तर पंचविशीची मर्यादा लागू होत नाही.

कायदेशीर दत्तक आणि सावत्र मुलांनाही हेच नियम लागतात. दत्तकाच्या बाबतीत मात्र दत्तकपत्राची किंवा न्यायालयाच्या आदेशाची प्रत लागतेच, शाळेच्या दाखल्यावर वडिलांचं नाव आहे एवढ्यावर भागत नाही.

‘कमाई’ कशाला म्हणायचं

अवलंबित कोण, हे ठरवणारी उत्पन्नाची मर्यादा दरमहा ९,००० रुपये अधिक त्यावरचा महागाई भत्ता अशी आहे. भत्त्याचा दर केंद्र सरकार जानेवारी आणि जुलैपासून बदलतं, त्यामुळे रक्कमही सरकत राहते. जुलै २०२५ पासूनचा ५८ टक्के दर धरला तर मर्यादा महिन्याला १४,२२० रुपये आणि वर्षाला १,७०,६४० रुपये होते. यात सगळ्या मार्गांनी येणारं उत्पन्न मोजतात: पगार, शिकवणी, भाडं आणि मुलीच्या नावावर ठेवलेल्या मुदत ठेवीचं व्याजसुद्धा.

हे व्याजाचं प्रकरण बरेच जण विसरतात. निवृत्तीच्या वेळी मिळालेल्या ग्रॅच्युइटीतून मुलीच्या लग्नासाठी तिच्या नावे ठेव ठेवली जाते. पंचवीस लाखांच्या ठेवीवर सात टक्क्यांनी वर्षाला १,७५,००० रुपये व्याज होतं आणि बेकार मुलगी कागदोपत्री मर्यादेबाहेर जाते. ठेव आईच्या नावावर ठेवून मुलीला वारस नेमलं तर हा प्रश्न येत नाही.

दुसरी चूक आयकर विवरणपत्राची. कर्ज किंवा व्हिसा मिळावा म्हणून एखादा सल्लागार मुलाच्या नावे तीन-साडेतीन लाखांचं ‘व्यवसायाचं उत्पन्न’ दाखवून विवरणपत्र भरून देतो. ईसीएचएसला पॅन दिलेला असतोच. मुलगा कमावत नाही असं प्रतिज्ञापत्र एका हाताने आणि असं विवरणपत्र दुसऱ्या हाताने दिलं, तर खोटं कुठलं हे तुम्हालाच सिद्ध करावं लागेल. न झालेली कमाई दाखवू नका.

अप्रेंटिसशिप, इंटर्नशिप, पीएचडीची फेलोशिप यांचं विद्यावेतन वरच्या आकड्याच्या जवळ येत असेल, तर नियुक्तिपत्राची प्रत जोडून पॉलिक्लिनिकच्या, म्हणजे ईसीएचएसच्या दवाखान्याच्या, ओआयसींना (प्रभारी अधिकाऱ्यांना) लेखी विचारा आणि उत्तर लेखी घ्या. काउंटरवर तोंडी मिळालेलं ‘चालतंय, राहू द्या’ वसुलीच्या वेळी कामाला येत नाही. नाव अपात्र झाल्यावरही कार्ड वापरलं, तर उपचाराचा खर्च मूळ सदस्याकडून वसूल होतो आणि सदस्यत्वही धोक्यात येतं. एका मुलासाठी म्हाताऱ्या आई-वडिलांचं कवच पणाला लावण्यासारखं त्यात काही नाही.

आधी नोंदी जुळवा

ऑनलाइन अर्ज अडण्याचं सगळ्यात मोठं कारण म्हणजे नाव आणि जन्मतारीख न जुळणं. मुलाचा जन्म झाला तेव्हा युनिटमध्ये पार्ट टू ऑर्डर, म्हणजे कुटुंबातले बदल सेवेच्या नोंदीत घेणारा आदेश, निघाली. जवान सीमेवर, बाळंतपण गावी, त्यामुळे पत्रातून कळवलेलं घरचं नाव तिथे नोंदलं गेलं. शाळेत वेगळं नाव पडलं. आधारवर आडनावाचं स्पेलिंग आणखी वेगळं झालं. निवृत्तीच्या वेळी मिळालेल्या डिस्चार्ज बुकात ‘बाळू’, दहावीच्या गुणपत्रिकेवर ‘प्रसाद’ आणि आधारवर आईचं नाव चुकलेलं, असे नमुने सातारा-सांगली पट्ट्यात हवे तेवढे सापडतील.

जन्मतारखेची गोष्ट याहून नाजूक. शाळेत घालताना मास्तरांनी १ जून टाकायची पद्धत आपल्याकडे वर्षानुवर्षं होती. पार्ट टू ऑर्डरमध्ये ऑक्टोबर आणि शाळेच्या दाखल्यात जून असेल, तर मुलाची पंचविशी नेमकी कधी भरते यावरच वाद होतो, आणि तोही नेमका उपचाराच्या वेळी.

म्हणून मुलगा किंवा मुलगी अठरा वर्षांची झाली की हे सगळे कागद एका टेबलावर मांडा: डिस्चार्ज बुक, पीपीओ (पेन्शन मंजुरीचा आदेश), संरक्षण पेन्शनच्या ‘स्पर्श’ संकेतस्थळावर दिसणारा कुटुंबाचा तपशील, जन्मदाखला, दहावीचं प्रमाणपत्र, आधार, पॅन. प्रत्येकावरचं पूर्ण नाव, जन्मतारीख, आईचं नाव आणि वडिलांचं नाव वहीत एका ओळीखाली एक लिहून काढा. फरक लगेच दिसतो.

दुरुस्ती कुठल्या टोकाकडून करायची हे फरकावर ठरतं. आधार किंवा पॅन चुकलं असेल तर तेच बदला, ते सोपं आहे. सेवेतल्या नोंदी चुकल्या असतील तर रेकॉर्ड ऑफिसला जावं लागतं. मराठा लाइट इन्फंट्रीचं बेळगावला, महार रेजिमेंटचं मध्य प्रदेशात सागरला, तोफखान्याचं नाशिक रोड कॅम्पला, बॉम्बे इंजिनिअर ग्रुपचं खडकीला, ईएमईचं सिकंदराबादला, सिग्नल्सचं जबलपूरला. प्रत्यक्ष जायची गरज सहसा पडत नाही. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयामार्फत अर्ज पाठवला की तो जावक क्रमांकासह जातो आणि पाठपुरावा सोपा होतो. अर्जासोबत जन्मदाखला, दहावीचं प्रमाणपत्र, आधारची प्रत, ‘हे दोन्ही नावांचे इसम एकच’ अशा मजकुराचं प्रतिज्ञापत्र आणि डिस्चार्ज बुकातल्या कुटुंबाच्या पानाची साक्षांकित प्रत जोडा. नाव पूर्णपणे बदललेलं असेल तर राजपत्रातली किंवा वर्तमानपत्रातली प्रसिद्धीही मागितली जाते. उत्तर यायला महिने लागू शकतात. अठराव्या वर्षी सुरुवात करा म्हणतो ते यासाठीच.

निवृत्तीनंतर जन्मलेल्या मुलांची नोंद पार्ट टू ऑर्डरमध्ये असणं शक्यच नाही. त्यांचं नाव जन्मदाखल्याच्या आधारे रेकॉर्ड ऑफिसकडे वेगळं नोंदवून घ्यावं लागतं. हे काम मूल लहान असतानाच उरकलेलं बरं.

अर्जाचे टप्पे

आता प्रत्येक लाभार्थीला स्वतंत्र स्मार्ट कार्ड मिळतं. पूर्वीसारखं एकाच कार्डावर अख्खं कुटुंब नसतं, आणि बाहेरगावी शिकणाऱ्या मुलांसाठी ही मोठीच सोय आहे.

१. मूळ सदस्याच्या, म्हणजे माजी सैनिकाच्या किंवा तो हयात नसेल तर फॅमिली पेन्शन घेणाऱ्या पत्नीच्या लॉगिनने ईसीएचएसच्या संकेतस्थळावर स्मार्ट कार्डाच्या अर्जात जा. लॉगिनला जोडलेला मोबाइल नंबर चालू आहे ना, ते आधी पाहा. गावाकडे सिमकार्डं बदलतात आणि ओटीपी जुन्याच नंबरवर जात राहतो.

२. अवलंबिताची माहिती आधारवर आहे अगदी तशीच भरा, आडनाव आधी की नंतर यासकट.

३. फोटो, जन्मतारखेचा पुरावा, आधार, पॅन, पीपीओ आणि प्रतिज्ञापत्र अपलोड करा. मोबाइलवर तिरपा काढलेला, कडेला अंगठा दिसणारा फोटो परत येतो. स्कॅन सरळ आणि वाचता येईल असं हवं, आणि फाइलचा आकार मर्यादेत.

४. प्रतिज्ञापत्रात तीन गोष्टी स्पष्ट लिहा: मूल अविवाहित आहे, नोकरी-धंदा करत नाही, सर्व मार्गांनी मिळणारं उत्पन्न मर्यादेच्या आत आहे. यात काही बदल झाल्यास कळवण्याची हमीही घाला. मजकुराचा नमुना पॉलिक्लिनिकमधून घ्या. कोर्टाबाहेरच्या टायपिस्टकडचा साचा बहुतेकदा जुना असतो.

५. पॅरेंट पॉलिक्लिनिक, म्हणजे जिथे नाव नोंदलेलं राहील ते, निवडा. ज्या गावी मूळ सदस्य राहतो तिथलंच सहसा निवडतात.

६. कार्डाचं शुल्क ऑनलाइन भरून पावती जपून ठेवा. पडताळणीसाठी अर्ज स्टेशन मुख्यालयाकडे जातो. कागद अडला तर शेरा लॉगिनमध्येच दिसतो. पत्र येईल म्हणून वाट बघत बसू नका, आठवड्यातून एकदा स्वतः उघडून पाहा.

७. कार्ड हातात येईपर्यंत तात्पुरती स्लिप मिळते, तिच्यावर उपचार होतात. रंगीत छापून मुलाजवळ ठेवा आणि तिची मुदत डायरीत लिहा.

८. कार्ड पॉलिक्लिनिकला आलं की लाभार्थीने स्वतः जाऊन ते चालू करून घ्यायचं. बापाने आणून कपाटात ठेवलेलं कार्ड अपघाताच्या रात्री चालेलच असं नाही.

लग्न, नोकरी किंवा पंचविशी झाली की याच लॉगिनमधून नाव कमी करायचं आणि कार्ड जमा करायचं. हे काम मूळ सदस्याचं आहे.

बाहेरगावी शिकणारी मुलं

घर कराडला आणि मुलगा पुण्यात इंजिनिअरिंगला असेल, तर त्याने कार्ड घेऊन पुण्याच्या पॉलिक्लिनिकमध्ये जावं. देशातलं कुठलंही पॉलिक्लिनिक कार्डधारकाला तपासतं आणि गरज पडल्यास तिथूनच पॅनेलवरच्या, म्हणजे ईसीएचएसशी करार असलेल्या, रुग्णालयाचं रेफरल (पाठवणीची चिठ्ठी) देतं. त्यासाठी कराडला यायची गरज नाही. दमा, मिरगी, मधुमेह असा नेहमीचा औषधोपचार असेल आणि चार वर्षांचं शिक्षण असेल, तर आधीचे सगळे केसपेपर आणि तज्ज्ञाचं प्रिस्क्रिप्शन मुलाकडे द्या. नवीन डॉक्टर त्याशिवाय महागडी औषधं लिहून देत नाहीत, आणि त्यांचं बरोबरच आहे.

रेफरलशिवाय थेट पॅनेलच्या रुग्णालयात जाऊन नियोजित शस्त्रक्रिया करून घेतली तर बिल स्वतःचं. तातडीच्या प्रसंगाला मात्र रेफरल लागत नाही. पॅनेलवरच्या रुग्णालयात दाखल होताच कार्ड दाखवायचं. पॅनेलबाहेरच्या रुग्णालयात न्यावं लागलं तर ४८ तासांच्या आत जवळच्या पॉलिक्लिनिकला कळवायचं. नुसता फोन पुरेसा समजू नका, फोनबरोबर ईमेलही करा, म्हणजे वेळेचा पुरावा राहतो. मग बिल आधी स्वतः भरावं लागतं आणि नंतर परताव्याचा दावा पॅरेंट पॉलिक्लिनिकमध्ये द्यावा लागतो. डिस्चार्ज समरी, मूळ बिलं, औषधांच्या पावत्या, तपासण्यांचे रिपोर्ट आणि डॉक्टरांनी सही-शिक्क्यासह दिलेलं तातडीचं प्रमाणपत्र हे सगळं डिस्चार्जच्या दिवशीच घ्या. परतावा सीजीएचएसच्या, म्हणजे केंद्र सरकारी कर्मचाऱ्यांच्या आरोग्य योजनेच्या, दराने होतो. खाजगी रुग्णालयाने दोन लाख घेतले आणि दराप्रमाणे सव्वा लाख बसले, तर वरचे पाऊण लाख घरचे.

खोलीचा दर्जा मुलाला वडिलांच्या हुद्द्याप्रमाणे मिळतो: हवालदारापर्यंत जनरल वॉर्ड, जेसीओंना (नायब सुभेदार ते ऑनररी कॅप्टन) सेमी-प्रायव्हेट, अधिकाऱ्यांना प्रायव्हेट. हौसेने वरची खोली घेतली तर फक्त भाड्याचा फरक भरून भागत नाही, रुग्णालयं बाकीचे दरही वरच्या वर्गाने लावतात. ॲडमिशनच्या कागदावर सही करण्याआधी खोलीचा वर्ग वाचा. मध्यरात्री गोंधळलेला एकोणीस वर्षांचा मुलगा पुढे केलेल्या प्रत्येक कागदावर सही करतो, म्हणून ही गोष्ट त्याला आधी सांगून ठेवा.

मुलगा: बाविसाव्या वर्षी उचलायचं पाऊल

ईसीएचएस ही विमा पॉलिसी नाही. विमा नियामक आयआरडीएआयचे पोर्टेबिलिटीचे, म्हणजे विमा बदलताना झालेला काळ पुढे मोजण्याचे, नियम तिला लागत नाहीत, त्यामुळे पंचवीस वर्षं लष्करी रुग्णालय आणि ईसीएचएसमध्ये काढलेल्या मुलाने विमा घेतला की त्याचं प्रतीक्षाकाळाचं, म्हणजे विमा असूनही दावा बसत नाही त्या काळाचं, घड्याळ शून्यापासून सुरू होतं.

हे आकडे नीट बघा. नव्या आरोग्य विम्यात पहिले ३० दिवस अपघात सोडून कुठलाही आजार बसत नाही. हर्निया, मुतखडा, सायनस, सांध्यांच्या शस्त्रक्रिया अशा ठरावीक आजारांना आणि पॉलिसीआधीपासून असलेल्या आजारांना कंपनी जास्तीत जास्त ३६ महिन्यांची प्रतीक्षा लावू शकते. म्हणजे पंचविसाव्या वाढदिवसाच्या दुसऱ्या दिवशी पॉलिसी घेतली, तर आधीपासून दमा असलेला मुलगा अठ्ठावीस वर्षांचा होईपर्यंत दम्यासाठी उघडा राहू शकतो.

तीच पॉलिसी बाविसाव्या वर्षी घेतली तर ईसीएचएस थांबायच्या सुमारास प्रतीक्षा संपलेली असते. मधली तीन वर्षं ईसीएचएस आहेच, दोन्ही एकत्र असायला हरकत नाही. त्या वयाला हप्ता सगळ्यात कमी असतो आणि २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आरोग्य विम्याच्या हप्त्यावर जीएसटीही नाही. पाच लाखांची साधी पॉलिसी, नंतर वर टॉप-अप (त्या रकमेपुढचा खर्च देणारा विमा), एवढं पुरतं. प्रतीक्षाकाळ २४ किंवा १२ महिन्यांचा असलेल्या पॉलिसीही मिळतात. तुलना करताना हप्त्याआधी हा रकाना वाचा.

अर्जात आरोग्याचा इतिहास खरा लिहा. लहानपणी कमांड हॉस्पिटलमध्ये झालेली शस्त्रक्रिया, पॉलिक्लिनिकमधून चालू असलेली थायरॉइडची गोळी, सगळं. एजंट म्हणेल ‘ते नका लिहू, हप्ता वाढेल.’ दडवलेली माहिती दाव्याच्या वेळी सापडली तर दावा नाकारला जातो. सलग ६० महिने पॉलिसी चालल्यानंतर फसवणूक सिद्ध झाल्याशिवाय कंपनीला जुन्या माहितीवरून दावा नाकारता येत नाही, पण तोवरची पाच वर्षं जोखीम तुमची.

चोविसावं वर्ष लागलं की राहिलेली वैद्यकीय कामं काढा. गुडघ्याचा जुना लिगामेंट, वाकडं नाकाचं हाड, दातांची कामं, मुतखडा: जे नियोजित आहे त्याचं रेफरल आता घ्या. तज्ज्ञाची तारीख, तपासण्या, एमआरआय, पुन्हा तज्ज्ञ आणि मग शस्त्रक्रिया या साखळीला सहा महिने सहज जातात, शिवाय शस्त्रक्रियेनंतरच्या फॉलो-अपलाही कार्ड चालू लागतं. वाढदिवसाच्या महिन्यात धावपळ करून होत नाही.

नोकरी लागली तर ईसीएचएस लगेच थांबतं, म्हणून रुजू होताना दोन प्रश्न विचारा: कंपनीचा ग्रुप विमा पहिल्या दिवसापासून आहे का, आणि आधीच्या आजारांना प्रतीक्षा आहे का. पगार २१,००० रुपयांपर्यंत असेल आणि आस्थापना ईएसआयखाली, म्हणजे कर्मचारी राज्य विमा योजनेत, येत असेल, तर पगारातून ०.७५ टक्के कापले जातात, मालक ३.२५ टक्के भरतो आणि वैद्यकीय सुविधा मिळते. दिव्यांग कर्मचाऱ्यांसाठी ही वेतनमर्यादा २५,००० रुपये आहे. नोकरी सोडताना ग्रुप विम्यातून त्याच कंपनीच्या वैयक्तिक पॉलिसीत जायचा अर्ज शेवटच्या दिवसाआधी द्या, म्हणजे झालेला काळ मोजला जातो.

आणि जो मुलगा सव्विसाव्या वर्षी एमपीएससीची तयारी करत खोलीवर राहतोय, त्याचं काय? महाराष्ट्रात महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला पाच लाखांपर्यंत संरक्षण आहे आणि आता पांढऱ्या शिधापत्रिकेवरची कुटुंबंही त्यात येतात. त्यासाठी मुलाचं नाव शिधापत्रिकेवर हवं आणि आयुष्मान कार्ड आधीच काढलेलं हवं. योजना दाखल होऊन घ्यायच्या ठरावीक उपचारांसाठी आहे, ओपीडी किंवा रोजची औषधं तिच्यात नाहीत. रुग्णालयात गेल्यावर आधी आरोग्यमित्राला, म्हणजे योजनेच्या तिथल्या मदतनीसाला, गाठायचं. गोव्यात दीनदयाळ स्वास्थ्य सेवा योजनेत तीन जणांपर्यंतच्या कुटुंबाला अडीच लाख आणि चार किंवा जास्त जणांच्या कुटुंबाला चार लाख असं वार्षिक संरक्षण मिळतं.

मुलगी

अविवाहित मुलीचं नाव पंचविशीला काढू नका. कार्डाची मुदत संपत आली असेल तर अविवाहित आणि अवलंबित असल्याचं ताजं प्रतिज्ञापत्र देऊन नवं घ्या. मध्ये दोन वर्षं नोकरी केली आणि ती सुटली, तर नोकरी सोडल्याचं पत्र आणि चालू वर्षाच्या उत्पन्नाचा पुरावा जोडून नाव पुन्हा घालण्याचा अर्ज करता येतो.

घटस्फोट झालेल्या मुलीसाठी न्यायालयाच्या हुकूमनाम्याची प्रमाणित प्रत लागते. गावच्या बैठकीत झालेली फारकत, स्टॅम्पपेपरवरचा समझोता यांना किंमत नाही. हुकूमनाम्यात पोटगी ठरली असेल तर ती रक्कम उत्पन्नात धरली जाईल, हेही ध्यानात ठेवा. विधवा मुलीच्या बाबतीत पतीचा मृत्यूदाखला, विवाह नोंदणी प्रमाणपत्र आणि तिला सासरकडून किंवा पतीच्या नोकरीतून पेन्शन मिळते की नाही याची माहिती द्यावी लागते.

फॅमिली पेन्शनशी याचा धागा जुळतो. घटस्फोटित मुलीला आई-वडिलांच्या पश्चात फॅमिली पेन्शन हवी असेल, तर घटस्फोटाचा दावा दोघांपैकी एक तरी हयात असताना दाखल झालेला असावा लागतो. निकाल नंतर लागला तरी चालतो. लोक काय म्हणतील या भीतीने दहा वर्षं मुलगी माहेरी राहते आणि दावाच दाखल होत नाही. पुढे तिची पेन्शनही जाते आणि पेन्शनवर टिकणारं औषधपाणीही. वडिलांनी हे काम टाळू नये, एवढं कळकळीने सांगावंसं वाटतं.

कायम दिव्यांग मुलगा किंवा मुलगी

इथे सगळं प्रमाणपत्रावर अवलंबून आहे. यूडीआयडीसाठी, म्हणजे दिव्यांगांच्या ओळखपत्रासाठी, स्वावलंबन संकेतस्थळावर अर्ज करा, जिल्हा रुग्णालयाच्या दिव्यांग मंडळासमोर तपासणी होते. कार्डाच्या रंगावरून टक्केवारी कळते: ४० टक्क्यांच्या आत पांढरं, ४० ते ८० च्या आत पिवळं, ८० आणि पुढे निळं. ईसीएचएसला पिवळं किंवा निळं लागतं. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात २१ प्रकार आहेत. मतिमंदत्व, स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, मानसिक आजार, थॅलेसेमिया, हिमोफिलिया हे सगळे त्यात येतात, फक्त हातापायाचं अपंगत्व नव्हे.

अर्ज अडतात ते दोन ठिकाणी. पहिलं, ‘तात्पुरतं’ प्रमाणपत्र. लहान मुलांना आणि मानसिक आजारांना मंडळ बहुतेक वेळा काही वर्षांच्या मुदतीचं देतं. मुलगा अठरा पूर्ण झाल्यावर पुन्हा मंडळापुढे न्या आणि कायमचं प्रमाणपत्र मागा. दुसरं, टक्केवारी ३५-३८ वर अडकणं. एकापेक्षा जास्त प्रकारचं दिव्यांगत्व असेल, समजा सेरेब्रल पाल्सीबरोबर ऐकू कमी येत असेल, तर दोन्हींचं एकत्रित मूल्यमापन करायला सांगा. त्यासाठी दोन्ही विषयांच्या तज्ज्ञांचे जुने रिपोर्ट सोबत न्या.

हे काम चोविसाव्या वर्षाच्या आत संपवून कार्डाचा वर्ग बदलून घ्या. पंचविशीपर्यंत तो साधा मुलगा म्हणून नोंदलेला असेल तर कार्ड वाढदिवसाला आपोआप थांबेल आणि नवीन अर्ज मंजूर होईपर्यंत फिजिओथेरपी, मिरगीची औषधं, सगळं खिशातून.

आई-वडिलांनंतर काय, हा प्रश्न त्याच्याबरोबरच सोडवायचा. पीपीओमध्ये आणि ‘स्पर्श’वर दिव्यांग मुलाचं नाव तुम्ही हयात असतानाच रेकॉर्ड ऑफिसमार्फत नोंदवून घ्या. पुढे फॅमिली पेन्शन त्याच्या नावे लागली की ईसीएचएसचा आधारही तीच पेन्शन असते. स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, मतिमंदत्व आणि बहुविकलांगता या चार प्रकारांत राष्ट्रीय न्यास कायदा, १९९९ प्रमाणे जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालील स्थानिक स्तर समितीकडे पालकत्वाचा अर्ज करता येतो. अठरा वर्षांनंतर आई-वडीलही आपोआप कायदेशीर पालक राहत नाहीत, म्हणून पेन्शन खात्यासाठी आणि शस्त्रक्रियेच्या संमतीसाठी हे प्रमाणपत्र लागतं. याच चार प्रकारांसाठी निरामय योजनेत वर्षाला एक लाखाचं आरोग्य संरक्षण आहे आणि त्यात ओपीडी व थेरपीचाही खर्च बसतो. पॉलिक्लिनिक लांब असलेल्या घरांना तेवढाच हातभार.

अर्ज किंवा कार्ड अडलं तर

आधी पॉलिक्लिनिकच्या ओआयसींना लेखी अर्ज द्या आणि प्रतीवर पोच घ्या. पंधरा दिवसांत हालचाल नसेल तर त्याच अर्जाची प्रत जोडून रिजनल सेंटरला लिहा. महाराष्ट्रात पुणे, मुंबई आणि नागपूरला ती आहेत. ईसीएचएसचा टोल फ्री नंबर १८००-११४-११५ आहे, अर्जाचा क्रमांक हाताशी ठेवूनच फोन करा. त्यानंतरची पायरी सीपीग्राम्स या केंद्र सरकारच्या तक्रार संकेतस्थळाची: तक्रार संरक्षण मंत्रालयाच्या माजी सैनिक कल्याण विभागाकडे नोंदवा. तक्रारीत भावना कमी आणि तारखा जास्त असाव्यात: अर्ज कधी केला, शेरा काय आला, कोणता कागद कधी पुन्हा जोडला, उपचार कुठे अडले. पात्र असलेल्या अवलंबिताचं कार्ड चुकून बंद झालं असेल आणि रुग्ण दाखल असेल, तर तक्रारीची वाट न बघता ओआयसींकडून पात्रतेचं पत्र मागा, त्याच दिवशी रुग्णालयाच्या ईसीएचएस काउंटरला द्या आणि दिलेल्या प्रतीवर त्यांचा शिक्का घ्या.